जीपला पॉवर स्टिअरिंग बसवलं ती सुगी

सोयाबीनला वास नसतो असं ज्याला वाटतं, त्यानं दसऱ्याच्या आगेमागे लातूरच्या मार्केट यार्डामागच्या रस्त्यानं एकदा चालून दाखवावं. वाळलेल्या शेंगांचा, भुश्याचा, तापलेल्या मातीचा आणि टेम्पोच्या धुराचा मिळून एक वास असतो तो. नाकात शिरतो, घशात बसतो, आणि मी अकरावीच्या वर्गात पेशीविभाजन शिकवता शिकवता सटासट शिंकते. पोरं म्हणतात, "मॅडम, सुगी आली." डॉक्टर व्हायला लातूरला आलेली पोरं ही, सदान्कदा पुस्तकात डोकं, पण निम्म्याअधिकांच्या घरी आत्ता मळणी चालू असते, त्यामुळे माझी शिंक त्यांना बरोबर कळते.

मला मात्र या वासाच्या पाठोपाठ आणखी एक वास येतो. लाल तेलाचा. पॉवर स्टिअरिंगमध्ये घालतात ते तेल, गोडसर, जरा औषधासारखं. तीन वर्षांपूर्वीच्या सुगीत ते माझ्या चांगल्या पर्समध्ये सांडलं आणि डाग काही निघाला नाही. जीवशास्त्राच्या मास्तरणीच्या पर्समध्ये जीपचं तेल कामून असावं, हे मला स्टाफरूममध्ये कुणालाच नीट सांगता आलं नाही. आज शिंक आली, तसं ठरवलं की लिहूनच टाकावं.

आमच्या आप्पांची, म्हणजे वडिलांची, जीप वयानं माझ्यापेक्षा मोठी, आणि घरात तिला मानही तसाच. एका सरकारी खात्याच्या लिलावातून आप्पांनी ती घेतली तेव्हा मी सातवीत होते. आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी, राहायला कंधारला, आणि रान गावापासून सात किलोमीटर. गुरुजी माणसानं सायकल घ्यावी, फार तर लुना. आमच्या गुरुजींनी जीप आणली. आई आरतीचं ताट घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अगंबाई, याला कुंकू लावायचं तरी कुठं? तोंडच घावंना."

पुढं त्या जीपनं काय काय वाहिलं! खताची पोती, बाजाराची ज्वारी, मामाच्या लग्नाचं वऱ्हाड, एकदा तर शाळेचं लोखंडी कपाट. पण तिची खरी मिजास सुगीत. सकाळी सातला वाड्यावस्तीवरच्या सोयाबीन काढणाऱ्या बाया मागं दाटीवाटीनं बसायच्या, विळे पायाखाली, भाकरी बांधलेली धडपी मांडीवर. गाडी हलली की गाणं सुरू, खड्डा आला की गाणं थांबून एकमुखानं "आगं माय!" आणि परत गाणं तिथूनच पुढं. आप्पा पुढून ओरडायचे, "विळे सांभाळा गं!" गाणं चालूच राहायचं.

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात. आप्पा रऊफभाईकडे गेले. रऊफभाई म्हणजे कंधारच्या बसस्टँडमागच्या गॅरेजचे मिस्त्री, बुटके, गोल चेहऱ्याचे, कानावर पेन्सिल. जीपचं मूळचं पेट्रोल इंजिन तोवर पार थकलं होतं. रऊफभाईंनी नांदेडच्या भंगारबाजारातून, अपघातात चेंदामेंदा झालेल्या एका नव्या गाडीचं धडधाकट डिझेल इंजिन आणलं आणि आमच्या म्हातारीच्या छातीत बसवलं. आरसी बुकात त्याची नोंद व्हावी म्हणून आप्पांनी कचेरीत इतके अर्ज दिले, सगळे वळणदार अक्षरात, ऱ्हस्व-दीर्घासकट, की शेवटी तिथला साहेब म्हणाला म्हणे, गुरुजी, सही करतो, पण आता अर्ज नका लिहू.

झालं काय, इंजिन आजचं आणि स्टिअरिंग आज्याच्या काळातलं. गाडी पळायला लागली झकास, पण नव्या इंजिनाचं वजन पुढच्या चाकांवर आलं आणि आधीच जड असलेलं स्टिअरिंग चक्क दगड झालं. चालत्या गाडीत ठीक, पण कमी वेगात, भरल्या गाडीत, वळणाला ते फिरवायचं म्हणजे विहिरीतून भरली बादली ओढल्यासारखं दोन्ही हातांनी ओढायचं. मी एकदा बसले होते हौसेनं. जीप हलली नाही, माझी मान मात्र दोन दिवस एका बाजूला राहिली.

पण आमची जीप खरं तर पहिल्यापासूनच दोन माणसांची. रानाकडे वळताना मसोबाच्या दगडापाशी डावीकडं एक अवघड वळण आहे. एका अंगाला खोल चर, दुसऱ्या अंगाला दुसऱ्याचा बांध. तिथं आलं की शेजारी बसलेली आई न बोलता उजवा हात लांब करायची, स्टिअरिंगची डावी कड धरायची आणि आप्पांच्या जोडीनं खाली ओढायची. बोलणं चालू असलं तर ते थांबायचंही नाही. "...मग विहीणबाई म्हणल्या," ओढ, "आमच्यात असं न्हाई चालत," सोड. तीस वर्षं. आम्हा भावंडांना वाटायचं, सगळ्यांच्याच घरी आया अशी गाडी वळवतात.

माझ्याकडे लातुरात एक छोटी गाडी आहे. तिचं चाक मी एका बोटानं फिरवते, दुसऱ्या हातात केळ असतं. गाडी वळायला जोर लागतो हे माझ्या मुलीला कळलेलंच नाही. चांगलंच आहे म्हणा. आपल्याला जे ओढावं लागलं ते पोरांना ओढावं लागू नये म्हणूनच तर सगळा आटापिटा. तरी कधी सिग्नलला उभी राहिले की माझी नजर उगीच शेजारच्या सीटवर जाते. तिथं वह्यांचा गठ्ठा असतो, तपासायचा राहिलेला.

पर्समध्ये तेल सांडलं त्या सुगीच्या आदल्या वर्षी उन्हाळ्यात आप्पा विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि उजवा खांदा गेला. नांदेडला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, हात छातीपर्यंत येईल, त्याच्यावर जायचा नाही. गाडी चालवा, पण ओढाताण बंद. आता आमच्या जीपमध्ये ओढाताणीशिवाय होतं काय? जीप ओट्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली आणि आप्पा ओट्यावर बसले. त्या वर्षीची सुगी शेजाऱ्याच्या पिकअपनं केली. पिकअपवाला यायचा त्याच्या सवडीनं. बाया नऊपर्यंत पारावर बसून राहायच्या, आणि तिकडं उन्हानं शेंगा तडकायच्या. आप्पा रोज सकाळी सातला आंघोळ करून, डोक्याला टोपी घालून तयार. कुठं जायचंय म्हणून विचारलं की टोपी काढून ठेवायचे.

माझा धाकटा भाऊ संदीप पुण्याला कंपनीत. जीव लावणारा आहे, पण प्रत्येक गोष्टीवर त्याच्याकडे तोडगा तयार असतो आणि तो फोनवर सांगता येण्याजोगा असतो. पुढच्या सुगीच्या तोंडावर त्याचा फोन आला. "आप्पा, आता बास. जीप विकू, रान बटईनं देऊ, तुम्ही दोघं आराम करा." आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "ही एक सुगी बघू. मी स्वतः गाडी रानात नेली आन परत आणली तर गाडी ऱ्हाईल, रानबी ऱ्हाईल. न्हाई नेली तर तू म्हणशील तसं." गुरुजींनी शब्द दिला म्हणजे शिलालेख. मी त्या वेळी तिथं होते. आईनं दळत असलेली डाळ तशीच ठेवली आणि आत गेली.

दसऱ्याच्या सुट्टीला रजा जोडून मी कंधारला आले ती थेट रऊफभाईंकडे, स्टिअरिंग हलकं होईल का विचारायला. त्यांनी बॉनेट उघडलं, इंजिनाच्या कडेला बोट ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ये देखो. याच्यात पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची जागा हाय की! कंपनीनं दिलेली. म्या तवा पंप काढला, पट्टा बारका लावला, का तर जुन्या स्टिअरिंगला पंपाचं काय काम?" नव्या इंजिनाला सहा वर्षं एक जागा रिकामीच होती. फक्त पंप परत चढवायचा, लांब पट्टा घालायचा, जुना स्टिअरिंग बॉक्स काढून पॉवरचा बॉक्स बसवायचा, चेसीला तिथं जाड पत्रा वेल्ड करायचा, आणि पंपापासून बॉक्सपर्यंत तेलाचे दोन पाईप. "फक्त" हा शब्द रऊफभाईंचा. पुढचे नऊ दिवस तो आमच्या घरात सगळ्यांच्या तोंडी होता.

पंप आणि बॉक्स त्यांनी नांदेडहून आणले. पाईप मात्र लातूरचेच पाहिजेत म्हणाले, तिथं जेसीबीचे पाईप दाबून देणारा एक कारागीर आहे, त्याच्या हातचा पाईप फुटत नाही. माप? रऊफभाईंनी सुतळी घेतली, पंपापासून बॉक्सपर्यंत इंजिनाला वळसे घालत नेली, जिथं वाकायचं तिथं गाठ मारली आणि सुतळी माझ्या हातात दिली. मी, एमएस्सी, बीएड, गाठी मारलेली सुतळी आणि तेलानं माखलेला जुन्या पाईपचा एक तुकडा नमुन्याला पर्समध्ये घालून एसटीत बसले. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, तेल पर्सभर पसरलं. दुकानात मी सुतळी पुढं केली तर त्या कारागिराला काही विचारावंच लागलं नाही. गाठी मोजल्या, मान हलवली आणि यंत्राकडं वळला. आणि मी वर्गात, पोरांनी आकृत्यांना नावं नीट दिली नाहीत म्हणून त्यांचे मार्क कापते.

पाईप घेऊन परतले त्या दुपारी गॅरेजात निम्मं गाव जमलं होतं. गुरुजींच्या जीपला पॉवर बसून राहिलं, ही काही लहान बातमी नव्हती. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचललेली. पाईपांत तेल भरलं की आतली हवा काढावी लागते, त्यासाठी स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहायचं. आप्पा सीटवर, डाव्या हातानं फिरवतायत, आणि सगळे पुरुष तेलाच्या बाटलीत डोकं घालून बुडबुडे बघतायत. "आला, आला." "गेला." "अजून हाय बारका." आई डबा घेऊन आली होती. ती बाटलीकडं बघतच नव्हती. जरा वेळानं म्हणाली, "रऊफभाई, गुरुजी उजवीकडं फिरवून राहिले, आन चाक डावीकडं कामून चाललंय?"

सगळ्यांची डोकी बाटलीतून निघून चाकाकडं वळली. खरंच की! बॉक्सखालचा, चाकं वळवणारा लोखंडी आर्म रऊफभाईंनी जागा पुरेना म्हणून पुढच्याऐवजी मागं तोंड करून बसवला होता. त्यामुळे सगळं उलटं झालं होतं. चाकं हवेत, म्हणून कुणाच्या ध्यानात नाही. रऊफभाईंनी कपाळावर हात मारला, त्याचं तेल कपाळाला लागलं. "या अल्ला! भाभी, तुमी नसत्या तर गुरुजी घरी जायाच्या ऐवजी नायगावला गेले असते." सगळे हसले. आई लाजून डबा सोडायला लागली. परत दोन दिवस आर्म पुढं घेणं, पत्रा कापणं, वेल्डिंग. आप्पा रोज स्टुलावर बसून असायचे, परीक्षेच्या हॉलबाहेर पालक बसतात तसे.

आणि मग ती सकाळ. चाकं जमिनीवर. इंजिन चालू. आप्पांनी डाव्या हाताच्या दोन बोटांनी स्टिअरिंग धरलं आणि उभ्या गाडीची चाकं खसकन वळली. त्यांनी परत सरळ केली. परत वळवली. आप्पांचा चेहरा मी कधी विसरायची नाही. साठी उलटलेला माणूस, डोळ्यांत पाणी, आणि ओठ असे दाबून धरलेले की हसू बाहेर पडू नये. "लई हलकं केलंय रे," म्हणाले. रऊफभाई म्हणाले, "गुरुजी, दोन दिवस जपून. हाताला सवय हाय वढायची. आता वढायचं नाही, सांगायचं फकस्त." सगळ्यांनी माना डोलावल्या. ती सूचना आप्पांना केली होती, आणि ऐकलीही आप्पांनीच.

त्याच दिवशी रानात जायचं ठरलं. आप्पा चालवायला, शेजारी आई, मागं मी, ताडपत्री आणि पाण्याचा जार. सोयाबीन पिवळं पडून उभं होतं, दुसऱ्या दिवशीपासून बाया लावायच्या होत्या. आप्पा इतके सुरेख चालवत होते! वेग कमी, खड्ड्याला आणखी हळू, समोरून बैलगाडी आली तर नुसतं बोट हलवल्यासारखं केलं आणि जीप बाजूला. आई बोलत होती, काय ते आठवत नाही, कुणाच्या तरी बारशाचं. मसोबाचा दगड आला. आप्पांनी वळण घेतलं, अगदी पाहिजे तेवढं. आणि आईचा उजवा हात नेहमीसारखा लांब झाला, नेहमीसारखा त्यानं कड धरली, आणि नेहमीच्या जोरानं खाली ओढलं.

जीप चरात गेली. वेग नव्हता म्हणून कुणाला काही लागलं नाही. काळ्या मातीत पुढचं चाक रुतलं आणि इंजिन बंद पडलं. पाण्याचा जार माझ्या पायावर आला. आईचा हात तोवर मांडीवर परत गेला होता. मी बघितलं होतं. आईनं मागं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मी बघितलंय हे तिला कळलं.

आप्पांना तो हात दिसलाच नाही. तीस वर्षं जिथं असतो तिथंच तो होता, दिसणार कसा? ते खाली उतरले, बांधावर बसले, उजवा हात डाव्या हातात धरून त्याच्याकडं बघत राहिले. "मला कळलंच न्हाई," म्हणाले. "म्या वळवलं थोडं, ती गेली लई. माझा हात मलाच समजंना." मग म्हणाले, "संदीपला फोन लाव. म्हणावं, विक."

मी तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. आईकडं बघितलं, तर ती पदरानं जारचं सांडलेलं पाणी पुसत होती, मातीवरचं. खरं सांगते, मलाही क्षणभर वाटलं की बरं झालं. दर सुगीत आता गाडी रस्त्यावर आणि माझा जीव टांगणीला, त्यापेक्षा ओट्यावर बसलेले आप्पा परवडले. आपली माणसं सुखरूप हवी असतात आपल्याला. ती सुखात आहेत का ते आपण नंतर बघू म्हणतो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणून जीप ओढून काढली. परत येताना ती ट्रॅक्टरवाल्यानंच चालवली.

ते तीन दिवस मला अजूनही आठवू नयेत असं वाटतं. बाया पिकअपनं रानात गेल्या. आप्पांनी किल्ली खिळ्याला लावली आणि त्या खिळ्याच्या बाजूला तोंड करून बसायचंही सोडलं. टोपी घातली नाही. जेवताना डाव्या हातानं जेवायला लागले, मान वाकवली की उजवा तोंडापर्यंत पोचत असून. आईनं एकदा भाकरी वाढता वाढता तोंड उघडलं, "अहो," म्हणाली, आणि मग "मीठ पायजे का?" संदीपनं फोनवर गिऱ्हाईकसुद्धा सांगितलं. मी भांडी घासताना आईच्या शेजारी जाऊन उभी राहिले तर ती म्हणाली, "गप. मला म्हाईत हाय तुला काय म्हणायचंय ते."

चौथ्या दिवशी सकाळी रऊफभाई आले. कुणी बोलावलं नव्हतं. गावात चर्चा झाली होती, रऊफमिस्त्रीचं पॉवर गुरुजींना चरात घेऊन गेलं. एका शब्दानं कुणाला दोष न देता त्यांनी पान्ह्यांची पिशवी उतरवली आणि जीपखाली शिरले. नुसते दोन पाय बाहेर, टाचेला भेगा पडलेले. आतून आवाज यायचा, "आर्म तर ठीक... बॉक्स ठीक... गुरुजी, माझंच कायतरी चुकलंय. सापडंना, पण चुकलंय. म्या समदं परत खोलतो. जुनं होतं तसं करून देतो. तुमच्या जिवाशी खेळ नको."

आई तुळशीला पाणी घालत होती. तिनं तांब्या खाली ठेवला, जीपपाशी आली आणि त्या दोन पायांना म्हणाली, "रऊफभाई, भाईर या. तुमचं काय चुकलेलं न्हाई. म्या वढलं."

पाय हलायचे थांबले. ओट्यावर आप्पा होते. त्यांनी हळूच विचारलं, "काय म्हणालीस?"

"वळणाला म्या वढलं. नेहमीसारखं. हात आपोआप गेला. तुमी बरोबर वळवलं व्हतं."

"तीन दिस झाले."

"हाव."

"मला वाटलं माझा हात गेला."

एवढंच म्हणाले आप्पा, ओरडले असते तर बरं झालं असतं. आई तिथंच जीपच्या पायरीवर बसली आणि रडायला लागली. "म्या सांगणार व्हते. मग वाटलं, विकू द्या, घरी बसतील, माझ्या जिवाला घोर न्हाई. पयल्या सांजच्यालाच कळलं. घरी बसलेलं तुमाला बघवंना मला. आन मग सांगायचं भ्याव वाटलं. तुमी त्या हाताकडं बघून राहिले व्हते वो. तुमच्या हाताचा काय गुन्हा न्हाई. लई गुणाचा हात हाय तो."

मग मलाही राहवेना. म्हटलं, "आप्पा, मी मागून बघितलं होतं."

आप्पा माझ्याकडं वळले. आईकडं बघताना त्यांचे डोळे ओले होते. माझ्याकडं बघताना ते गुरुजी झाले. "तू मास्तरीण ना गं? वर्गात एकानं चूक केली, दुसऱ्यानं बघून लपवली. कोण उभं ऱ्हायचं?"

"दोघं."

"मग ऱ्हा उभी."

मी उभीच होते, तरी सरळ झाले, हात बाजूला. वय वर्षं त्रेचाळीस. रऊफभाई जीपखालून निम्मे बाहेर येऊन हे सगळं आडवे पडल्या पडल्या बघत होते. तेच आधी हसले. मग आप्पा. त्या तीन दिवसांचं साचलेलं सगळं त्या हसण्यातून निघालं असावं. हसता हसता त्यांनी उजवा हात वर करून डोळे पुसायचा प्रयत्न केला, तो छातीपर्यंतच आला, तर त्यांनी डोकंच खाली वाकवलं. रऊफभाई उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "भाभी, मी गुरुजींना सांगून राहिलो व्हतो, वढायचं नाही. तुमालाबी सांगायचं ऱ्हाऊन गेलं. तेवढं मात्र माझं चुकलं." संदीपला मी फोन लावला आणि गिऱ्हाईकाला नको म्हणून सांगितलं. त्यानं दहा प्रश्न विचारले. मी म्हटलं, सुगी झाल्यावर बोलू.

मला पुष्कळदा वाटतं, माणसाला आधार देणं सोपं आहे. कधी द्यायचा नाही ते शिकणं अवघड. ओझं होतं तेव्हा तो हात लागतच होता, त्यात खोटं काहीच नव्हतं. ओझं उतरल्यावर मात्र तोच जोर, तीच माया गाडी चरात घालते. मी आता मुलीची स्कूटर शिकवणी अशीच घेते, मागच्या सीटवर बसून, माझे स्वतःचे दोन्ही हात घट्ट एकमेकांत धरून. ती आरशात बघून म्हणते, "आई, तू प्रार्थना करतीयेस का?" मी हो म्हणते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता बाया पारावर आल्या. आप्पा टोपी घालून बसले होते. आई कुणाला काही न विचारता मागं गेली आणि बायांत दाटीनं बसली, मांडीवर भाकरीचं धडपं घेऊन. मीही मागंच. पुढची सीट रिकामी. बायांना काय झालंय ते सगळं ठाऊक होतं, गावाला असतंच. त्या दिवशी गाणं झालं नाही. मसोबाचा दगड दिसला तशी आईनं माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी रुतली.

आप्पांनी वेग कमी केला. डाव्या हातानं स्टिअरिंग हळू फिरवलं. उजवा हात त्याच्या खालीच, छातीच्या खाली, मदतीला. चराच्या कडेनं चाक गेलं, एक ढेकूळ तेवढं आत पडलं, आणि जीप वळणाच्या पलीकडं सरळ उभी राहिली. एकजण म्हणाली, "गुरुजी, लोण्यागत वळवली की!" आईनं माझं मनगट सोडलं.

आप्पांनी गाडी थांबवली. इंजिन चालूच. मागं न बघता म्हणाले, "ऐकलं का. म्होरं ये."

"नगं. माझ्या हाताचा काय भरवसा न्हाई."

"हाताचं मी बघून घेतो. ती सीट रिकामी असली की मला गाडी चालवल्यासारखं वाटंना. ये."

बायांनी वाट करून दिली. आई विळ्यांवरून पाय टाकत उतरली, धडपं माझ्याकडं दिलं आणि पुढं जाऊन बसली. बसल्या बसल्या तिनं पदर दोन्ही हातांभोवती गुंडाळला, एकदा, दोनदा, गाठोडं बांधावं तसा, आणि ते गाठोडं मांडीवर दाबून धरलं. जीप निघाली. पुढं ओढ्यापाशी आणखी एक डावं वळण आहे, छोटंसं. आप्पांनी ते घेतलं. गाठोडं जागचं हललं नाही. आई मात्र अख्खीच्या अख्खी डावीकडं वळली.